आस

बाबा भरती तिथीवरून सांगतात,
म्हणून भिंतीवरच्या तक्त्याची पाठ माझी.
सोमवार: दाभोळ, बर्फाचा कारखाना.
बुधवार: रत्नागिरी, पाणी तपासायची लॅब.
खाली देवरुखकरांचा नंबर;
महिना झाला, फोन टाळतेय.

बी.एस्सी. झाल्यावर एकच अर्ज
चाळीस जागी धाडला होता.
हर्णैच्या वाळूत जाळं सांधताना
भिकूतात्या वर न बघताच म्हणाले,
"आस बघावा आधी.
बांगड्याचा वेगळा, सुरमईचा वेगळा.
एका जाळ्यात सगळा दर्या
कुणाच्या बापाला गावलाय?"

रात्री अर्ज नव्यानं लिहिला, फक्त लॅबसाठी.
तिसऱ्या वर्षी खाडीचं पाणी तपासलेलं,
ते सगळ्यात वर घातलं.
बर्फवाल्यांचा उद्या.

सकाळी देवरुखकर.
रिंग जातेय.
बाहेर ओहोटी,
होड्या एका कुशीवर कललेल्या,
पाण्याची वाट बघत.