तांब्याची खोड

परवा तांब्याची तार काढून टाकली.
मग गार व्हायला दीड दिवस.
आता रात्रीचे पावणेदोन, सागरमाळावर कुत्री,
हेलियमचा पंप धापा टाकतोय
आणि खाली त्या घागरीएवढ्या भांड्यात
शून्याखाली दोनशे एकोणसत्तर.

"लई गार म्हंजे किती गं?"
दादा विचारतात हुपरीहून, फोनवर.
इतकं, की वीज वाटेत कुठे अडखळत नाही.
"मग बरं हाय की."
बरं आहे, दादा. पण आतलं बाहेर कळायचं कसं?

तांब्याची खोड वाईट.
निरोप आणायला पाठवावं
तर जाताना खोलीची ऊब काखेत मारून नेतं.
शंभर तारा सोडल्या की हेलियम उकळलंच.
आणि चिपचा आवाज तरी केवढा,
आजारी माणसानं ओठ हलवावेत एवढा.
तिला वर दिवा लाव म्हणणं पाप.

दिवा इथेच ठेवलाय, माझ्या टेबलावर.
केसाएवढ्या काचेतून उजेड खाली जातो,
तिच्या अंगावरून वळसा घेऊन परत येतो.
तिनं वाटेत फक्त
पापणी हलवायची.

साठ वर्षं जंतरातून चांदी ओढलेला माणूस
हे ऐकून जरा वेळ गप्प राहिला.
"म्हंजे किरणोत्सवागत.
सूर्य काय देवळात ऱ्हायला येत न्हाई.
महाद्वारातनं येतो, पायाला लागतो, जातो."
आणि मग, "ढग आलं तर?"

ढग म्हणजे गार होताना सगळं आक्रसतं,
काच वेगळी, धातू वेगळा, डिंक त्याहून वेगळा,
आणि काचेचं टोक नखाच्या रेघेएवढं सरकतं.
तीनदा सरकलं.
तिसऱ्यांदा धोंडीराममामांनी चहा आणून ठेवला
काही न विचारता.
तो निवला, त्यावर साय आली, मी बघत बसले.

आज पडद्यावर सपाट रेघ.
बराच वेळ सपाट.
मग तिला एक खाच पडली. पुन्हा एक.
मी खुर्ची मागे सरकवली, हलेल म्हणून श्वासही धरला,
जणू माझ्या श्वासानं त्या तळात काही बिघडणार होतं.
एक, शून्य, एक, एक.
दुपारी मीच लिहून पाठवलेले आकडे,
तसेच्या तसे, थंडच.

दादांना मिस कॉल दिला.
आमचं ठरलेलं आहे: एक म्हणजे आलं,
दोन म्हणजे नाही आलं, झोपा.
तिकडे माजघरातला दिवा लागला असेल.
नसेलही.
पंपाचं तेल बदलायचं राहिलंच होतं.