पोटातलं ओठावर

मातुझिन्युशच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
मी मासळीचा लिलाव पुकारला.
पहाटेचे साडेचार, सार्डिनच्या पेट्या,
शिळ्यालाही ताजं म्हणणारा माझा खणखणीत आवाज.
आता गळ्याला एक भोक आहे
आणि त्यावर बायकोनं विणलेला रुमाल.

पहिल्या गुरुवारी पाटी घेऊन गेलो.
अग्निशमन केंद्राच्या माडीवर नऊ खुर्च्या;
खाली कुणी बंब धूत होतं.
लिहिलं, भल्यामोठ्या अक्षरांत: मी बेल्मीरु.
सगळे हसले.
म्हणजे खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं,
आवाज कुणाचाच नाही.
झुल्मीरानं खडू घेतला, खाली बारीक लिहिलं:
मुके झालोय, आंधळे नाही.

तब्येत कुणी विचारली नाही.
आंघोळीत भोक कसं झाकायचं ते दाखवलं,
समोरून वारा असला की धक्क्यावर पाठमोरं चालायचं,
आणि शिंक आली की हात नाकाकडे नाही,
इथे.

मग शिकवणी.
हवा गिळायची, आवंढा गिळतो तशी.
पोटाच्या वाटेवर अडवून माघारी फिरवायची
आणि त्या ढेकरेला ओठांनी आकार द्यायचा.
ज्यासाठी आईनं जेवताना कान पिळले
तीच आता माझी मुळाक्षरं.

तीन महिने नुसती गुरगुर.
आदेलिनु, गोदीतला म्हातारा वेल्डर,
दर वेळी मान डोलवायचा,
जणू मी काही सांगितलंच.

पहिला शब्द निघाला तो पाव.
देवाचं नाव नाही, बायकोचंही नाही.
प सोपा असतो म्हणे.
त्या दिवशी नऊ खुर्च्यांवरून
नऊ खरखरीत पाव फिरले
आणि कुणालाच भूक नव्हती.

आता एकेका शब्दाला घोटभर हवा लागते.
पोटात एक, ओठात एक
परवडत नाही.

रात्री कधी फोन वाजतो.
पलीकडून नखाची एक टकटक: जागा आहेस?
मी दोनदा: आहे.
मग बराच वेळ
आदेलिनुची हवा, माझी हवा.
बायको विचारते, काय म्हणत होता?
पाटी उशाशीच असते.
काय लिहू?

तिचं नाव नोएमिया.
न अजून नाकाकडे पळतो.
झुल्मीरा म्हणते, घाई करू नकोस,
माझाही आठ वर्षं पळतोय.