एकशे नऊ किलो

तीस वर्षं मी वजनमापे खात्यात होतो.
म्हसवडच्या बाजारात, वडूजच्या, मेढ्याच्या,
किराणावाल्यांची वजनं उलटी करून
बुडातलं शिसं तपासायचो.
कुणाचा अर्धा किलो किती ग्रॅमनं खोटा
हे नुसतं तळहातावर घेऊन सांगायचो.
मांडीखालच्या गाडीचं वजन
तेवढं कधी विचारलं नाही.

ते कळलं चाळकेवाडीच्या पठारावर,
पवनचक्क्यांखाली, बारीक खडीत.
वेग नव्हताच. थांबत होतो.
डावा पाय टेकवला तिथं जमीन चार बोटं खाली होती.
म्हैस बसते तशी गाडी
सावकाश बसली.
उचलू गेलो. पुन्हा गेलो.
टाकीतून थेंब थेंब पेट्रोल,
डोक्यावर ती पाती, आपापल्या कामात.
पाऊण तासानं वैरणीचे भारे घेऊन दोन बाया आल्या.
भारे उतरवले.
एकीनं हँडल धरलं, एकीनं मागचं कॅरियर.
"आबा, तुमी फकस्त स्टँड लावा."
लावला.

महिन्याभरात कोरेगावच्या बर्ग्यांच्या नातवाला गाडी दिली.
त्यानं कागद बघायच्या आधी आवाज ऐकला
आणि हसला.
मीही असाच हसलो होतो, केस होते तेव्हा.
त्याच्या मागं तो आवाज
बॉम्बे रेस्टॉरंटच्या पुलापर्यंत ऐकू येत राहिला,
नंतर मला वाटत राहिलं की येतोय.

"ही दूधवाल्यांची गाडी, साहेब,"
गोडोलीतला इलाही मेस्त्री म्हणाला.
"दूध वेळेवर पोचतं की नाही?"
त्यानं उत्तर दिलं नाही, चेन ताणत बसला.

खात्यातून येताना मोडीत निघालेला एक ताणकाटा
मी घरी आणला होता.
त्याला प्रवासाची बॅग अडकवली. अकरा किलो.
तिपाई काढली. जास्तीचे बूट काढले.
सुमती दारात उभी राहून बघत होती.
"औषधाची पेटी एवढी मोठी कशाला?
आजारी पडायलाच चाललायत का?"
तीही काढली. गोळ्या खिशात.
चार किलोवर काटा स्थिर झाला,
आणि मला उगाचच
कुणाला तरी पकडल्यासारखं वाटलं.

यवतेश्वरचा घाट ती तिसऱ्यात रडत,
दुसऱ्यात गुणगुणत चढते.
एसटीनं मला मागं टाकलं.
खिडकीतल्या पोरानं हात केला.
अंगठा होता की काय, नीट दिसलं नाही.

बामणोलीला रस्ता संपतो, पाणी लागतं.
मोठ्या गाडीवर दरवर्षी इथवर यायचो,
चहा प्यायचो, पलीकडचे डोंगर बघायचो
आणि मागं फिरायचो.
संकपाळ लाँचवाला लांबूनच मान हलवायचा,
"ही न्हाय चढायची."
आज त्यानं मागच्या चाकावर पाय देऊन बघितलं,
सीट दाबली, बाजारात बकरं दाबतात तशी.
"आणा."
फळी टाकली. मी पुढं, तो मागं.
फळी वाकली, पण वाकून राहिली.

एका अंगाला गॅसची टाकी,
दुसऱ्या अंगाला कोंबडीच्या पिलांची जाळी,
मधे दोरीनं बांधलेली माझी गाडी,
वरातीत चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखी.
मी वाकून पाहिलं, सवयच ती,
लाँच किती खाली बसली.
दोन बोटं.
त्यातलं एक बहुतेक माझंच.

"माणसाचे वेगळे, गाडीचे वेगळे," संकपाळ म्हणाला.
"गाडीचे कमी घे, हलकी आहे."
"ते पाण्याला कळतंय आबा, मला न्हाय."

पलीकडं उतारावरच्या चिखलात
ती पडलीच.
लाँच तोवर मधल्या पाण्यात गेली होती.
हाक मारावी तर कुणाला?
पाठ टेकवली सीटला, गुडघे वाकवले,
पहिल्या खेपेला काही झालं नाही.
दुसऱ्या खेपेला
चिखलानं आधी चाक सोडलं, मग पायताण.

धाप लागली होती. तिथंच दगडावर बसलो.
दोन्ही तळहात पुसून बघितले, लाल झालेले.
एकशे नऊ.
बरोबर आहे वजन.
शिक्का मारायला हरकत नाही.