लॉगशीटच्या पाठीवर

वाळपईच्या आमच्या स्वयंपाकघरात
कागद पसरलाय, चार कोपऱ्यांवर चार वाट्या,
पंख्याने उडू नये म्हणून.
डेपोतल्या जुन्या लॉगशीटची पाठ.
पलीकडून उमटतात गाडी नंबर, डिझेल, किलोमीटर
आणि यांची सही, लांब शेपटीची.

एकोणतीस वर्षे कदंबची बस चालवली यांनी.
आता दारात उभी आहे वॅगन-आर,
कुडचड्याच्या एका दंतवैद्याकडून घेतलेली,
आत अजून लवंगेच्या तेलाचा वास.
चार दिवस फिरायचे ठरले आहे, आपल्याच गोव्यात.
शेजारची शेवंती हसली, "इथल्या इथे?"
हो, इथल्या इथे.

यांनी पेन घेतले नि सवयीने वेळा लिहिल्या :
वाळपई सुटणे ६.१०. साखळी ६.४०.
नार्व्याची फेरीबोट. दिवाडी. पुन्हा फेरीबोट.
जुने गोवे ८.०५. थांबा दहा मिनिटे.
"दहा मिनिटांत एक अख्खे शहर?" मी म्हटले,
"त्याला ओस पडायलाच शंभर वर्षे लागली."
दहा खोडले. समोर काही लिहिले नाही.
मोडक्या मनोऱ्याखाली बसू,
चिऱ्याला तळहात लावून बघू
ऊन किती आत गेलेय.

मग गोवा वेल्हा, जिथे म्हणे गलबते लागायची.
आता खाजन, मानशीचे दार, दारावर एक बगळा.
मग चांदर.
"कदंबांची राजधानी," मी म्हटले,
आणि हे गप्पच झाले.
सात वर्षे मडगाव–कुडचडे करताना
दिवसाला चार वेळा तिथून गेले होते,
बसच्या कपाळावर त्याच राजांचे नाव मिरवत.
"कंडक्टर घंटा मारायचा," शेवटी म्हणाले.
"दोनदा. दोनदा म्हणजे चला."

रिवणच्या पुढे यांना रस्ता ठाऊक नाही.
हे कबूल करायला अर्धा कप चहा लागला.
मी बोट ठेवले कुशावतीवर :
काठच्या खडकात कुणीतरी कोरलेत बैल,
आणि एक गोल, गोलात गोल, आत आत जाणारी वाट.
यांनी चष्मा पुसला.
"नकाशाच असणार तो. स्टॉप नाहीत त्यावर."

नेत्रावळीच्या तळीत टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात
असे माझी मावसबहीण सुलक्षा सांगते.
एक रात्र तिच्याकडे.
नंतर सांगे, कुळे, तांबडी सुर्ल, रानातून घर.
'रानात हॉर्न नाही' हे मी मोठ्या अक्षरात लिहिले,
कारण यांचा अंगठा जेवताना पाटावरसुद्धा तो दाबतो.

काल रात्री गाडीत जाऊन बसलो,
नुसतेच. इंजिन बंद.
मी पुढे, डावीकडे. पहिल्यांदा.
इतकी वर्षे यांच्या बसमध्ये
बायकांच्या तिसऱ्या बाकावरून
मला दिसायची ती यांची मान,
घामाची रेघ, खाकी कॉलरचा उसवलेला टाका.
तसे बोलून दाखवले, तर म्हणाले,
"मला तू आरशात दिसायचीस.
होंड्याच्या आधीच तुला झोप लागायची.
ते वळण मी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचो.
मागचा टेम्पो शिव्या घालायचा."

आणि आरसा इकडे फिरवला, तिकडे फिरवला.
मागची रिकामी सीट दिसे, तुळस दिसे,
मी काही येईना त्यात.

सकाळी कागदावर खाली
यांच्या अक्षरात तीन ओळी वाढल्या होत्या :
परत पोचणे, आणि पुढे वेळ लिहून खोडलेली.
स्टेपनीत हवा.
हिच्यासाठी उशी, छोटी.

मी त्याखाली लिहिले :
उशी नको. जागी राहीन.
स्टेपनीचे मात्र बघा.