पाऊण घनफूट

आधी पुठ्ठा.
फ्रिजच्या खोक्याचा; कापायचा, सीटमागच्या फटीत घालायचा,
बाहेर काढून पुन्हा कापायचा.
पिकअपची मागची भिंत सरळ नाही.
वर जाता जाता ती पुढे झुकते,
काहीतरी सांडलेलं शोधणाऱ्या माणसासारखी.
खाली उंचवटा, मध्येच पट्ट्याचा बोल्ट.
सरळ रेषा फक्त काचेबाहेर:
लेव्हललँड, टेक्सस. कापूस, कापूस, मग आभाळ.

इथं घडीच्या दोन सीटा होत्या, आडव्या, समोरासमोर.
डावी माझी, उजवी आन्सेल्मोची.
गुडघ्याला गुडघा लावून आम्ही अमारिलोपर्यंत जायचो
आणि कुणाचा पाय कुणाच्या हद्दीत, यावर
तिथून परत येईपर्यंत भांडायचो.
तो आता अलास्कात मासे गोठवतो.
फोनवर म्हणाला, माझीपण काढ, मी काय बसणारे आता.
प्रत्येकीला चार बोल्ट.
त्याच्या सीटचा शेवटचा गंजलेला निघाला.
त्यानं एक तास घेतला, आणि माझ्या करंगळीचं नख.

आकडेमोड रात्री, स्वयंपाकघराच्या टेबलावर.
वरची खोली अधिक खालची खोली, भागिले दोन,
गुणिले उंची, गुणिले रुंदी,
लाकडाची जाडी वजा, स्पीकरचं पोट वजा,
उरली पाऊण घनफूट हवा.
एकवीस लिटर.
मी उगाच हिशेब पुढे नेला.
माणूस साधारण पाण्याइतकाच जड.
सात वर्षांची मी, दवाखान्याच्या काट्यावर, एकवीस किलो.
पेन खाली ठेवलं.
नळ गळत होता, तो बंद केला.

शेजारचे टीग आजोबा चाळीस वर्षं चर्चची बाकं करायचे.
गाणं त्यांना आवडत नाही, सांधे आवडतात.
माझा पहिला काप बघून म्हणाले,
हा एक सूत खोटा आहे.
मी म्हटलं, डिंक भरेल.
ते म्हणाले, डिंक खोटं भरत नाही, लपवतो,
आणि फळी उचलून पुन्हा करवतीवर ठेवली.
मापात पाप त्यांना चालत नाही, एक सूतसुद्धा.
भुसा आमच्या भुवयांवर बसला.
दोघंही सारख्याच वयाचे दिसत होतो.

शिकंजे, रात्रभर.
आतून सांध्यांना सिलिकॉन, बोटानं.
आईच्या जुन्या उशीतला कापूस पिंजून आत भरला
(आई आहे, ठणठणीत आहे, तिनं नवी उशी मागितली).
मग मेणबत्ती.
मी स्पीकरचा पडदा तळव्यानं हळूच दाबायचा,
आजोबांनी ज्योत सांध्यासांध्यावरून फिरवायची.
ज्योत हलली तर तिथून हवा जाते.
तीन कोपरे गप्प.
चौथ्यापाशी ती किंचित कलली.
"सापडली," आजोबा म्हणाले,
चोर सापडावा तसे नव्हे,
लपाछपीत पोर सापडावं तसे.

रविवारी वायर ओढली, बॅटरीपासून, फ्यूज लावून.
पेटी फटीत शिरली, घासत, एकदाच, न अडकता.
पहिल्याच ठोक्याला नंबरप्लेट वाजायला लागली,
मग आरसा, मग दारात कुठंतरी एक नाणं.
आजोबांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली,
पेटीवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.
आवडलं का, विचारलं नाही.
यंत्रं खिशात होती.

संध्याकाळी पपा पुढे बसले. गाडी अजून त्यांच्याच नावावर.
माझं गाणं त्यांनी अर्धं ऐकलं
आणि बटण फिरवून त्यांचं स्टेशन लावलं,
कापसाचे भाव, वाऱ्याचा वेग.
वीस वर्षं तोच किरटा निवेदक.
आज तो खोकला
आणि खोकला आमच्या पाठीतून वर आला,
विहिरीच्या तळाशी कुणी पोतं टाकावं तसा.
पपा दचकले. मागे वळून बघितलं,
डावीकडे, मग उजवीकडे,
पूर्वी आम्ही भांडायला लागलो की बघायचे तसं.
"गप बसा," ते पेटीला म्हणाले,
आणि हसत हसत
आवाज एक घर वाढवला.