उलटं बाइंडिंग

सिंदेवाहीत लोनबलेच्या झेरॉक्सवर
दोनशे बारा पानं काढून घेतली,
एका बाजूने, काळीपांढरी, पानाला दीड रुपया.
सवलत मागितली नाही,
मागितली असती तर विषय सांगावा लागला असता.
तरी तो म्हणालाच, पोरी, तुया नोट्समंदी चित्रंच लय.
म्हटलं, हो. बायोलॉजी.

मशीनमधून शेवटचं पान सगळ्यांत वर आलं होतं.
त्याने तसाच गठ्ठा उचलला,
ठोकून सरळ केला, डावीकडून स्पायरल मारली.
घरी येऊन उघडते तर पहिल्याच पानावर
तो मेलेला.
बर्फात पडलेला, शेजारी कंदील आडवा.

त्याचं खरं नाव जपानी आहे, जिभेवर नीट बसत नाही.
आमच्या घरात तो कंदीलवाला.
दर वेळी कंदील लावला की
त्याची एक आठवण जळते.
आधी गावाचा रस्ता गेला, मग आईचा आवाज,
मग कोणता हात जेवायचा तेही.
शेवटी जिच्यासाठी लावत होता त्या बहिणीलाच
तो अदबीने विचारतो,
तुम्ही कोणाकडच्या?

तो प्रश्न मी राइस मिलच्या हिशेबखोलीत वाचला,
मोबाइलवर, नेट जात-येत असताना.
बाहेर कोंडा उडत होता.
बर्फ मी पाहिलेला नाही,
पण कोंडा असाच बसतो,
पापण्यांवर, आवाज न करता.
त्या पुस्तकांत शांततेचाही आवाज लिहितात,
चित्राच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरं.
ती मला वाचता येत नाहीत, ओळखता येतात.

कोल्ह्याचा मुखवटा घातलेल्या त्या दुष्टाला
एकोणीस भाग मी माफ केलं नव्हतं.
विसाव्यात त्याचं लहानपण दाखवलं
आणि माझी पंचाईत झाली.
पण जास्त छळते ती मास्तरीण,
मुलांना मागच्या दाराने काढून
पुढच्या दारात उभी राहणारी.
तिला अख्ख्या कथेत चार पानं.
चार पानांच्या माणसांचं काय करायचं असतं?

मावसभाऊ तेजराम झाडीपट्टीच्या नाटकात आहे.
दिवाळी ते होळी दर रात्री मरतो,
नवरगावला, मोहाडीला, पहाटे चारच्या सुमारास.
ब्लँकेटं पांघरून बसलेली माणसं हमसून रडतात.
मग तो उठतो, छातीवरचं कुंकवाचं रक्त तसंच ठेवून
चहा पितो
आणि मला म्हणतो,
कार्टून पाहून कायले रडतं वो?

मी काय सांगू त्याला?
तुझा मेलेला उद्या वडशाला पुन्हा उभा राहतो.
माझा फक्त एकदाच मेला,
एका मंगळवारी, चॅप्टर एकशे चाळीस.

काल आई शाळेतली खिचडी उरकून आली,
हाताला हळदीचा वास,
आणि खाटेवर पडलेलं ते पुस्तक घेऊन बसली.
इंग्रजी तिला येत नाही.
आपण उघडतो तसं उघडलं तिने, हळूहळू पानं उलटली.
मेलेला पोरगा उठून बसला.
जखमा एकेक करून मिटल्या.
बहिणीला ओळखलं त्याने.
कंदील विझत गेला तसतसं त्याला आठवत गेलं,
हात, आवाज, रस्ता,
आणि शेवटच्या पानावर तो सहा वर्षांचा,
समोरचा दात पडलेला, बांधावर उभा, हसतोय.

बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती,
मंडपवाल्याशी खुर्च्यांचा हिशेब करत होती.
आता पदराने डोळे टिपले तिने, म्हणाली,
बरा झाला ना पोरगा.

म्हटलं, हो.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारलं,
आन तेल कोन भरते त्याच्या कंदिलात?

हे दोनशे बारा पानांत
कुठेच नव्हतं.