धडा

मी जालन्यात वजनकाट्यावर असतो.
सळईचा ट्रक येतो, चाकं लोखंडी पाटावर चढतात,
आकडे जरा हेलकावतात, मग थांबतात.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरतो तो माल.
एवढंच गणित मला येतं.

महिन्यातला पहिला आणि तिसरा शनिवार
मालक पगारातून कापतो.
पहाटेची पॅसेंजर. परतूर, सेलू, मानवत रोड.
पिशवीत सहा मोसंब्या, परभणीपर्यंत न सोललेल्या,
कारण हुकमात लिहिलंय, बाहेरचं खायला देऊ नये,
आणि वकील म्हणाले, मोसंबी बाहेरची की घरची
यावर वाद होऊ शकतो.

हुकूम मला पाठ आहे.
अर्जदार म्हणजे मी.
सामनेवाली म्हणजे जी माझा शर्ट उलटा करून वाळत घालायची,
उन्हानं रंग विटू नये म्हणून.
आणि अज्ञान मुलगी म्हणजे शर्वाणी.

अज्ञान!
तिला माहीत आहे तिचा कोणता दात हलतोय,
वर्गात शेजारी कोण बसतं,
कोणत्या कुशीवर झोप लागते.
मला यातलं काहीच माहीत नाही.
टाइप करणाऱ्यानं शब्द भलत्याच माणसापुढं लावलाय.

ताबा हा शब्दही आहे त्यात, चार वेळा.
आमच्याकडं तो शेतासाठी ऐकला होता,
प्लॉटसाठी, हप्ते थकलेल्या मोटारसायकलसाठी.
लेकराचा ताबा.
मी तो मागितला नव्हता, साहेब. भेट मागितली होती.
मिळाली: अकरा ते एक,
समुपदेशक मॅडमच्या नजरेसमोर,
भिंतीवर ससा काढलेल्या खोलीत,
जिथल्या जिराफाला एक पाय नाही
आणि शर्वाणी दर वेळी त्याला भिंतीला टेकवून उभा करते.

आज खोलीला कुलूप.
मॅडम रजेवर. शिपाई म्हणाला, पुढची तारीख घ्या.
मी म्हणालो, हक्क आहे माझा. कागद काढला,
घडीवर फाटत आलेला.
त्यानं तो वाचलाही शेवटपर्यंत, माणूस चांगला,
म्हणाला, कागद बरोबर आहे, पण किल्ली मॅडमकडं आहे.

ती बाकावर होती, लेकीचं दप्तर मांडीवर घेऊन.
दोन वर्षं आम्ही
फक्त वकिलांच्या तोंडून बोललोय.
तिला उठून जाता आलं असतं. साडेअकराची बस होती.
तिनं घड्याळ पाहिलं.
मग दप्तरातून पाण्याची बाटली काढली,
बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली
आणि झेरॉक्सच्या दुकानाकडं चालू लागली.
हातात झेरॉक्स काढण्यासारखं काहीच नव्हतं.

शर्वाणी म्हणाली, जिराफ आत एकटाच आहे का?
हो.
मग पडला असंल.

कडुलिंबाखाली बसून मोसंबी सोलली.
हुकमाचा भंग, एकूण अकरा फोडी.
तिनं वहीत नाव लिहून दाखवलं, पूर्ण नाव:
आधी ती, शेवटी आडनाव,
मध्ये मी.
दोन्हीकडं बोटभर जागा सोडायची असते, म्हणाली,
बाई रागावतात.

एक वाजता तिला उचललं.
ट्रक नुसता वळताना पाहिला तरी
किती टन ते मी सांगतो, हिचं मात्र चुकतं.
आमचे दादा बाजारात तराजू घेऊन बसायचे,
भांड्यात काही मोजायचं तर आधी धडा करायचे,
रिकामं भांडं एका पारड्यात, दुसऱ्यात बारके दगड.
मी तो केलाच नाही कधी.
ती घरात होती तेव्हा उचलून घ्यायचो आणि खाली ठेवायचो,
दिवसातून कितीदा, कुणी मोजलंय?

रात्री ड्यूटीवर ट्रक नव्हते.
वीस किलोच्या आतलं आमचा काटा धरत नाही,
पाटावर काही ठेवलं तरी शून्यच दाखवतो.
शर्वाणी असंल सतरा, फार तर अठरा.
पहाटे पहिली गाडी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला,
मी हात पुसले. मोसंबीचा वास होता.
पावतीवर आकडा लिहिला.
ड्रायव्हर म्हणाला, भाऊ, तारीख राहिली.